फकिराच्या घोड्यावरचा आक्षेप

सातारा-सांगलीकडच्या शोषितांच्या साहित्यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि बहुधा एकाच परिसंवादात. एक चहाच्या आधी, दुसरा चहानंतर. पहिला अण्णा भाऊ साठ्यांवर. 'फकिरा' फार रंजक आहे, सिनेमाछाप आहे; नायक घोड्यावर बसतो, खजिना लुटतो, आपल्या माणसांसाठी जीव देतो; याला सामाजिक वास्तव कसं म्हणायचं? दुसरा शंकरराव खरात, लक्ष्मण माने, बेबीताई कांबळे यांच्या आत्मकथनांवर. हे सगळं खरं आहे, वाचताना गलबलून येतं, पण ही नुसती माहिती झाली. अनुभवाची कला झालेली नाही. म्हणजे तिकडे कल्पना उतू जाते आणि इकडे कल्पनेचा पत्ता नाही.

दोन्ही आक्षेप एकाच तोंडून येतात याचं बोलणाऱ्याला काही वाटत नाही. मला वाटतं. कारण दोन्ही एकदम खरे मानले, तर शोषितानं नेमकं कसं लिहावं म्हणजे ते साहित्य ठरेल, याला उत्तरच उरत नाही.

तरी पूर्वपक्ष पुरता मांडला पाहिजे, नाहीतर खंडन सोपं पण खोटं होतं. त्याचं म्हणणं असं: अन्याय दाखवायचा तर तो जसा आहे तसा, त्याच्या रोजच्या रटाळपणासकट दाखवावा. अन्याय सोसणारा माणूस बहुतेक वेळा शूर नसतो. दमलेला, घाबरलेला, कधी लबाडही असतो. त्याला महानायक केलं की वाचक टाळ्या वाजवून मोकळा होतो. शिवाय अण्णा भाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या कित्येक एकाच साच्यातल्या आहेत. हा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. घाईत, पोटासाठी लिहिलेलं घाईत लिहिल्यासारखं वाचलं जातं, आणि तसं म्हणण्यात कुणाचा अपमान नाही.

पण 'फकिरा' त्या साच्यातली नाही. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली झालं. या वाटेगावच्या मांगवाड्यातला फकिरा हा अण्णा भाऊंच्या नात्यातला माणूस. त्याच्याविषयी कागदावर काय होतं? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता. त्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. माणसानं काही केलेलं असो वा नसो, हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी काढायची. देशपातळीवर तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आणि 'फकिरा' छापून आली त्याच १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला. जमातीचं नाव वगळलं गेलं. पोलिसांच्या संशयाची सवय राहिली.

ज्याच्याविषयी सरकारी दप्तरात एकच शब्द आहे, त्याच्याविषयी कादंबरीकारानं कसं लिहायचं? दमलेला, घाबरलेला, कधी लबाड असा तो दाखवला, तर दप्तर म्हणेल, आम्ही तरी वेगळं काय म्हणत होतो? इथे नायक मोठा करणं हा वाचकाला खूश करण्याचा डाव नव्हता, तो दप्तराला दिलेला जबाब होता. दुष्काळात मांगवाड्यातली पोरं उपाशी मरत असताना फकिरा माळवाडीच्या वाड्यातलं धान्य लुटतो, पुढे बेडसगावचा सरकारी खजिना लुटतो, आणि त्याच्यापायी सगळ्या जमातीला वेठीला धरलं जातं तेव्हा आपण होऊन हजर होतो. ही कृती चोराची की पुढाऱ्याची, हा कादंबरीचा प्रश्न आहे. घोडा त्या प्रश्नाचाच भाग आहे. गावगाड्यात घोड्यावर कुणी बसायचं हे ठरलेलं होतं.

आणि 'सिनेमाछाप' म्हणणाऱ्यांनी या भागाचा इतिहास चाळावा. ७ जून १९४३ रोजी कराड तालुक्यातल्या शेणोलीजवळ इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वेगाडी अडवून सरकारी पैसा लुटला. १४ एप्रिल १९४४ रोजी याच भागातल्या कार्यकर्त्यांनी खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. त्यात कुंडलचे जी. डी. बापू लाड होते, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते. 'फकिरा' आली तेव्हा या गोष्टीला अवघी पंधरा वर्षं झाली होती. खजिना लुटणारा माणूस वारणा-कृष्णाकाठच्या वाचकाला पडद्यावरचा वाटला नाही, कारण तशी माणसं त्यानं चावडीवर पाहिली होती. त्यांना आपण क्रांतिकारक म्हणतो आणि ते योग्यच आहे. मग तोच इंग्रज, तसाच खजिना आणि त्याहून जास्त भूक असताना फकिराची लूट मात्र 'रंजक प्रसंग' कशी होते? हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत घोडे दौडतात, तलवारी चालतात, तिथे आपण अद्भुतरम्यतेची परंपरा सांगतो. मांगवाड्यातला माणूस घोड्यावर बसला की वास्तववाद आठवतो.

अण्णा भाऊंना दमलेला माणूस लिहिता येत नव्हता असंही नाही. 'स्मशानातील सोनं' मधला भीमा वारणेकडून मुंबईला आलेला गडी. खाणीतलं काम बंद पडतं आणि तो मढी उकरून त्यांच्या अंगावरचं सोनं काढू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज होते, प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात आणि शेवटी ती कापावी लागतात. ज्या दिवशी बोटं जातात त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. या भीमाजवळ ताकद फकिराइतकीच आहे, पण गाव नाही, पाठीशी कुणी नाही, लुटण्यासारखा वाडाही नाही. आहेत ती फक्त मेलेली माणसं. एकाच लेखकानं दोन माणसांना दोन घाट दिले. याला मी कलेची जाण म्हणतो.

जाता जाता एक तक्रार. दर १ ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीला, 'दीड दिवसाच्या शाळेचा' उल्लेख न करणारा वक्ता मला अजून भेटायचा आहे. हे कौतुक हळूहळू पुस्तकांच्या जागी येऊन बसलं आहे. शाळा नसताना लिहिलं म्हणून थोर, अशी वाहवा करणारा वाचक 'फकिरा' कशी लिहिली आहे याबद्दल अवाक्षर काढत नाही. हारही घालायचा आणि वाचायचंही नाही, याची सोय झाली.

आता दुसरा आक्षेप: नुसती माहिती. त्याचं उत्तर मी मसूरच्या स्टेशनवरून देईन, पुणे-मिरज मार्गावरच्या. साल १९०१. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा साताऱ्यात शिकत होते आणि वडील कोरेगावला नोकरीवर होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून तिथे तलाव खोदला जात होता. सुट्टीत मुलं वडिलांकडे निघाली आणि मसूरला उतरली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर झगझगीत टोप्या. वडिलांना पत्र लिहिलं होतं, पण त्याची खबर त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, म्हणून न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं विचारपूस केली, मुलांनी जात सांगितली आणि तो मागे सरला. एकही गाडीवान तयार होईना. अखेर एक जण राजी झाला. भाडं दुप्पट, बैल मुलांनी हाकायचे आणि तो बाजूनं चालणार. रात्रभर जवळ जेवण होतं, पण पाणी कुठे मिळालं नाही.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत आहे. त्यात एकही शिवी नाही, आक्रोश नाही. टोप्या आहेत, भाडं आहे, गाडी कुणी हाकायची याचा करार आहे. आता सांगा, ही माहिती की कला? दुप्पट भाड्याचा तपशील गाळला तर उरते अस्पृश्यतेची एक सर्वसाधारण हकीकत. तो ठेवला की कळतं, पैशाला विटाळ नव्हता. नेमकं काय ठेवायचं, हे ठरवणाऱ्याला आपण लेखक म्हणतो.

आटपाडीच्या शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' घ्या. तराळकी म्हणजे गावाचं आणि सरकारचं पडेल ते काम. विहिरीत प्रेत सापडलं की राखण तराळानं करायची, आणि ते वर काढायला आत उतरायचंही त्यानंच. बाप विहिरीत उतरतो आणि पोरगा काठावरून पाहतो. वतनाचा कायदा वाचून हे कळत नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. त्यात कलमं आहेत, विहीर नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' तर तपशिलांनीच उभं आहे. महार बाईनं लुगड्याचे काठ दिसू न देता निऱ्या खोचायच्या. लाकडाची मोळी विकायला गेली तर त्यात आपला केस, सूत अडकलेलं नाही ना ते निरखून बघायचं, कारण घेणाऱ्याचं घर बाटेल. भुकेनं चालणारीला मोळीतला केस शोधायला लावणारी व्यवस्था 'अमानुष' म्हणून समजत नाही. तो केस शोधणारे हात दिसावे लागतात. बेबीताई छोटं दुकान चालवत आणि पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचत. लिहिलेले कागद त्यांनी कित्येक वर्षं घरात लपवून ठेवले. ते आधी 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपानं आले.

घरातल्या लोकांपासून का लपवावे लागले, या प्रश्नातच तिसऱ्या, कुजबुजत्या आक्षेपाचं उत्तर आहे. तो असा, की हे लेखन एकतर्फी असतं, सगळा दोष दुसऱ्यावर. 'जिणं आमुचं' वाचलेला माणूस असं म्हणणार नाही. सुनांना उपाशी ठेवणाऱ्या सासवा, संशयावरून बायकोचं नाक कापणारी घरं, हे सगळं महारवाड्यातलंच आहे आणि ते महार बाईनंच लिहिलं आहे. लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'त गावोगाव हिंडणाऱ्या कैकाड्यांना गावानं दिलेली वागणूक आहे, तशीच परजातीत लग्न केल्यावर जातपंचायतीनं दाखवलेला इंगाही आहे. १९८० चं हे पुस्तक, १९८१ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. स्वतःच्या घराची इतकी उलटतपासणी मराठी मध्यमवर्गीय आत्मचरित्रांत किती जणांनी केली, हे मोजायला फार वेळ लागणार नाही.

शेवटी पूर्वपक्ष आपला हुकमी पत्ता टाकतो: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. घोषणा नाही, घोडा नाही, यादी नाही, तरी गावाचं दुःख पोचतं की नाही? पोचतं. मला ती कादंबरी अतिशय आवडते, आणि तिच्याविरुद्ध एक शब्द लिहिण्याची माझी इच्छा नाही. पण तिला दुसऱ्यांच्या डोक्यात हाणायचा दगड करणं तिच्यावरच अन्याय आहे. 'बनगरवाडी'तला दुष्काळ आभाळातून येतो. पाऊस पडत नाही, मेंढरं मरतात, धनगर गाव सोडतात, शाळा रिकामी होते. सगळे सारखे उघडे पडतात. 'फकिरा'तला दुष्काळ तसा नाही. तिथे धान्य आहे. माळवाडीत आहे, कुलपाआड आहे. मसूरच्या रात्रीही पाणी होतं. या मुलखात दोन्ही दुष्काळ खरे आहेत. पहिला लिहायला जो संयम लागतो, तोच दुसरा लिहिताना मागितला तर कुलपाचा उल्लेखच गळून जाईल.

आणि 'बनगरवाडी'त आनंदा रामोशी आहे. चोऱ्या करणारा, तरीही वाचकाला जीव लावणारा. रामोशीही ब्रिटिश दप्तरात संशयितच होते. माडगूळकरांनी त्याला माणूस म्हणून पाहिलं, हे मोठंच काम. पण आनंदा आपल्याला दिसतो तो मास्तरच्या नजरेतून, कारण गोष्ट मास्तर सांगतो. आनंदानं मास्तरला काय काय सांगितलं नसेल, ते समजायला 'तराळ-अंतराळ' उघडावं लागतं, 'उपरा' उघडावं लागतं. माडगूळ आणि आटपाडी एकाच तालुक्यात आहेत.