आवाज वाढवण्याआधी बेस-ट्रेबल बघा

आमच्या बडोद्याच्या घरात संध्याकाळी सातच्या सुमारास एक भांडण ठरलेलं असायचं. आजोबा हॉलमध्ये नाट्यगीतं लावायचे. थोड्या वेळाने आवाज वाढवायचे, मग आणखी वाढवायचे. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, ‘‘बाबा, जरा कमी करा ना!’’ आजोबांचं उत्तरही ठरलेलं, ‘‘आवाज भरपूर आहे गं, पण शब्द कुठे आहेत?’’

आमच्याकडे आजोबांनी १९८७ मध्ये घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर अजून चालू आहेत. मी त्याला एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडून दिला, म्हणजे मोबाइलवरूनही गाणी लावता येतात. पण ते करताना मी आणखी एक उद्योग केला होता. मला दणदणीत ठेका आवडतो म्हणून बेसचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं आणि आजोबा महिनाभर गायकांना दोष देत बसले.

तुमच्या घरी स्टिरीओ, साउंडबार किंवा ब्लूटूथ स्पीकर असेल तर त्यातही बेस, ट्रेबल किंवा इक्वलायझर असणारच. आपण एकतर त्याला हात लावत नाही, नाहीतर सगळंच वर चढवून ठेवतो. ही बटणं नेमकी काय करतात, ते आज बघू.

बेस म्हणजे काय, ट्रेबल म्हणजे काय?

निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हर्ट्झचा आकडा लहान असेल तर आवाज खर्जातला, मोठा असेल तर बारीक. व्हॉल्यूमचं बटण हे सगळे आवाज एकदम वाढवतं. बेसचं बटण फक्त खालचे वाढवतं किंवा कमी करतं. डग्ग्याचा घुमारा, ढोलाचा दणका, बेस गिटार हे सगळं त्यात आलं. ट्रेबलचं बटण वरचे आवाज सांभाळतं. झांजांची किणकिण, तंतुवाद्याच्या तारेचा छेडल्याबरोबर येणारा टणत्कार आणि जुन्या कॅसेटची खरखरही तिथलीच.

एकाच सोप्या सर्किटने बेस आणि ट्रेबल दोन्ही वाढवायची आणि कमीही करायची पद्धत पीटर बॅक्सांडॉल या ब्रिटिश इंजिनिअरने १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडली. पुढे कितीतरी कंपन्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीच वापरली गेली.

इक्वलायझर म्हणजे याच कामाची जास्त बटणं. दोनऐवजी पाच किंवा दहा पट्ट्या, प्रत्येकीकडे आवाजाचा एकेक भाग. त्या ढोबळमानाने अशा ओळखा.

● ६० ते २५० हर्ट्झ : ठेका आणि आवाजाचं वजन.

● २५० ते ५०० हर्ट्झ : आवाजाचा भरीवपणा. हा भाग जास्त झाला की गाणं माठात तोंड घालून म्हटल्यासारखं घुमतं.

● ५०० ते २,००० हर्ट्झ : गाणाऱ्याचा गळा आणि पेटी यांचा मुख्य भाग.

● २,००० ते ५,००० हर्ट्झ : शब्दांचा स्पष्टपणा. हा भाग वाढला की शब्द पुढे येतात, अति झाला की आवाज कर्कश लागतो.

● ६,००० हर्ट्झच्या वर : चकाकी, ‘स’ आणि ‘श’चा सूं-सूं आवाज आणि खरखर.

आता आमच्या घरचं कोडं सुटेल. बोलण्याचा मोठेपणा स्वरांत असतो, पण अर्थ बराचसा व्यंजनांत. स, श, च, त, फ ही व्यंजनं बारीक आणि हलकी असतात. खालून बेस भरभरून येत असेल तर ती त्याखाली झाकली जातात. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो. त्याने शब्दांबरोबर बेसही वाढतो आणि शब्द झाकलेलेच राहतात. वर शेजारच्यांची भिंत थरथरते ती वेगळीच.

आधी बटणं नाही, स्पीकर हलवा

एका रविवारी मी सगळं पहिल्यापासून लावायला घेतलं. तुम्हीही याच क्रमाने करून बघा.

१. सगळी बटणं मध्यावर आणा, म्हणजे घड्याळात १२ वाजतात त्या जागी. ‘लाउडनेस’चं बटण बंद करा. मोबाइलच्या अ‍ॅपमधला इक्वलायझरही बंद करा. मोबाइलमध्ये बेस वाढवलेला, स्पीकरमध्येही वाढवलेला असं झालं तर दोन्ही एकावर एक चढतात.

२. स्पीकर कोपऱ्यात असेल तर बाहेर काढा. भिंतीजवळ बेस वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो. आमचा एक स्पीकर कपाट आणि भिंतीच्या बेचक्यात बसला होता. तो दीड फूट पुढे आणला आणि अर्धं घुमणं तिथेच थांबलं.

३. स्पीकरमधला लहान गोल भाग, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येऊ द्या. बारीक आवाज सरळ रेषेत जातात. सोफ्याच्या मागे किंवा पडद्याआड स्पीकर असेल तर ट्रेबल कितीही वाढवा, पोहोचणार नाही.

४. मागच्या वायरी तपासा, पण अ‍ॅम्प्लिफायर बंद करून. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एकाच स्पीकरची वायर उलटी लागली असेल तर बेस पोकळ वाटतो.

५. आता पाठ असलेलं एखादं गाणं लावा. नेहमी ऐकता त्याच आवाजात लावा, कारण आवाज बदलला की कानाची आवडही बदलते. हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. लाउडनेसचं बटण त्यासाठीच असतं. रात्री हळू ऐकताना लावा, मोठ्या आवाजात बंद ठेवा.

वाढवण्याआधी कमी करून बघा

भाजी आळणी वाटली की आपण मीठ घालतो. इथे मात्र उलटं करायचं. शब्द ऐकू येत नसतील तर ट्रेबल वाढवण्याआधी बेस थोडा कमी करा. एका वेळी दोन-तीन डेसिबल पुरे. मग दोन मिनिटं ऐका. बदल आवडला का, हे पुन्हा मध्यावर नेऊन ताडून बघा.

कमी करण्यामागे आणखी एक कारण आहे. कुठलाही भाग ३ डेसिबलने वाढवला तर त्या भागासाठी अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट ताकद लागते. १० डेसिबल वाढवला तर दहापट. जिथे ५ वॅट लागत होते तिथे ५० लागणार. तेवढी ताकद नसेल तर आवाज फाटतो, आणि असा फाटका आवाज बराच वेळ चालू राहिला तर ट्वीटर जळू शकतो.

काही गोष्टी बटणांनी होत नाहीत. चार इंचांच्या स्पीकरमधून ढोल-ताशा पथकाचा दणका निघणार नाही. रिकाम्या, फरशी घातलेल्या खोलीतला प्रतिध्वनी इक्वलायझर काढू शकत नाही, त्यासाठी सतरंजी आणि जाड पडदा लागतो. आणि मूळ ध्वनिमुद्रणातच जे नाही, ते ट्रेबल वाढवून येत नाही, फक्त खरखर वाढते.

इतकं केल्यावर मी आजोबांना हाक मारली. बेस मध्याच्या थोडा खाली, ट्रेबल किंचित वर. त्यांनी डोळे मिटून गाणं ऐकलं आणि म्हणाले, ‘‘हां, आता माणूस गातोय.’’ व्हॉल्यूम पहिल्यापेक्षा कमी होता. आईने स्वयंपाकघरातून काहीच म्हटलं नाही, म्हणजे पास!

बटण हळूहळू सरकायला लागलं तर

गोष्ट इथे संपली असती. पण दोन-तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की ट्रेबलचं बटण रोज थोडं उजवीकडे सरकतंय. शेवटी ते टोकाला गेलं. आम्हाला गाणं कानात सुई टोचल्यासारखं लागायचं आणि आजोबा म्हणायचे, ‘‘अजून जरा मोकळं हवं.’’ त्याच आठवड्यात आई त्यांना म्हणाली, ‘‘सात वाजता निघायचंय,’’ आणि ते आठला तयार होऊन आले. आम्ही हसलो. आजोबा हसले नाहीत.

तेव्हा मला बटणाचा अर्थ कळला. वय वाढतं तसं बहुतेकांचं ऐकणं आधी वरच्या आवाजांत कमी होतं. मोठेपणा कळतो, शब्द निसटतात. आजोबा महिनाभर तेच तर सांगत होते.

तपासणीला ते सहज तयार झाले नाहीत. ‘‘मी बहिरा नाही,’’ म्हणून दोन दिवस अबोला झाला. मग मी म्हटलं, ‘‘आजोबा, स्पीकर तपासला, वायरी तपासल्या, एकच गोष्ट राहिलीय.’’ कान-नाक-घसा डॉक्टरांनी आधी कानात मळ साचलाय का ते पाहिलं, मग ऐकण्याची चाचणी झाली. हेडफोन लावायचा, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. सुई नाही, दुखणं नाही. हातात आलेला आलेख बघून मी चाट पडले. २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंतचे आकडे आणि उजवीकडे उतरत गेलेली रेघ. इक्वलायझरच्या उजव्या पट्ट्या कुणीतरी खाली ओढाव्यात तशी!

श्रवणयंत्र त्या आलेखाप्रमाणेच लावतात. जिथे जितकं कमी ऐकू येतं, तिथे तितकं वाढवायचं. म्हणजे तोही एक इक्वलायझरच, पण फक्त एका माणसाच्या कानापुरता. घरातल्या बाकीच्यांना त्याचा त्रास नाही.

म्हणून तुमच्या घरी कुणी टीव्हीचा आवाज सतत वाढवत असेल, ‘हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात’ म्हणत असेल, तर चिडण्याआधी बेस-ट्रेबल बघा. ते ठीक करूनही तक्रार राहिली तर कान तपासून घ्या. आपल्या तरुण कानांचीही काळजी घ्या. मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतचा आवाज ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे, लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे.

आमच्या अ‍ॅम्प्लिफायरची दोन्ही बटणं आता मध्यावर आहेत. परवा मी गुपचूप बेस थोडा वाढवला. आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, ‘‘कोणी हात लावला गं त्या बटणाला?’’