बेल बंद, काम चालू

मंडळी, ‘लाइन वाढवली तरी सर्व्हर स्लोच’ म्हणून ऑफिसातल्या आयटीवाल्याला पिडताय? जरा थांबा. लोचा लाइनचा नसून बेलचा असू शकतो.

म्हणजे बघा, पॅकेट आलं की नेटवर्क कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देतं, चक्क दारावरची बेल वाजवतं. प्रोसेसर हातातलं काम टाकून दार उघडतो. दोन-चार पाहुणे असतील तर ठीक. पण १ गिगाबिटची लाइन ६४ बाइटच्या छोट्या पॅकेट्सनी भरली, तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार पॅकेट्स! एकेकाच्या वाट्याला ७०० नॅनोसेकंदही नाहीत. प्रोसेसर नुसता दार उघडत बसतो, आत आलेल्याला पाणी विचारायचीही फुरसत नाही. मशीन बंद नाही, जीव तोडून धावतंय, आणि काम शून्य. याला म्हणतात रिसीव्ह लाइव्हलॉक. (सोमवारची सकाळ आठवली ना? मलाही.) १९९६ मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी यावर पेपर लिहिला.

लिनक्ससाठी २००१ मध्ये जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी जो तोडगा मांडला, त्याचं नाव नॅपी. बाळाच्या लंगोटाशी संबंध नाही, ‘न्यू एपीआय’चं ते लघुरूप. पहिली बेल वाजली की ड्रायव्हर बेलच बंद करतो. मग कार्डच्या रांगेतली पॅकेट्स घाऊक उचलतो, एका फेरीत साधारण ६४. रांग संपली की बेल पुन्हा चालू.

मला आवडलेली गंमत पुढे आहे. फारच गर्दी झाली तर जास्तीची पॅकेट्स कार्डपाशीच गळतात, प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. निर्दय वाटतं, पण पूर्वी पॅकेटवर अर्धी मेहनत करून मग ते फेकलं जायचं. त्यापेक्षा दारातूनच परत पाठवलेलं बरं!

शिवाय कार्डालाच सांगता येतं, बाबा रे, काही मायक्रोसेकंद थांब, चार पॅकेट्स जमू दे, मग बेल मार. डाउनलोडवाल्याला फरक कळतही नाही. शेअर ट्रेडिंगवाल्याला मात्र तेवढाही उशीर परवडत नाही. तो बेल काढूनच टाकतो आणि प्रोसेसरचा एक अख्खा कोर दाराशी उभा करतो. पाहुणा येवो न येवो, तो कोर शंभर टक्के बिझी!