वजनकाट्याचे नाव आणि संगणकाचे दप्तर

सोयाबीनच्या हंगामात वाशीम, कारंजा, रिसोड यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना काट्यावरचा संगणक एकाएकी वजन दाखवीनासा झाला, की दोष प्रथम काट्याला दिला जातो, काटा निर्दोष ठरला की केबलला, आणि केबलही सुटली की अकोल्याहून इंजिनिअर येईपर्यंत पावत्या हाताने फाडाव्या लागतात. वास्तविक पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. झाडलोट करताना कोणीतरी यूएसबीची पिन काढून शेजारच्या खाचेत बसविलेली असते. त्यामुळे काल ‘कॉम ३’ असलेला काटा आज संगणकाच्या लेखी ‘कॉम ५’ झालेला असतो, आणि सॉफ्टवेअर मात्र इमानेइतबारे कॉम ३ कडेच वजन मागत बसलेले असते. हा यंत्राचा बिघाड नव्हे, दप्तराचा घोटाळा आहे. आणि काट्यावरच्या कारकुनाला हे दप्तर वाचावयास शिकविणे ही काटा बसवून देणाराची जबाबदारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दप्तराची मूळ कल्पना मोठी मार्मिक आहे. १९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीची पहिली आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हाच तीत ‘डेव्ह’ नावाचा एक कप्पा होता, आणि टंकयंत्र असो वा चुंबकीय फीत, प्रत्येक उपकरण त्या कप्प्यात फाइल म्हणून नोंदलेले असे. सातबाऱ्यात ज्याप्रमाणे शेतातली मूठभरही माती नसते, असते ती केवळ क्रमांकाची आणि हक्काची नोंद, त्याप्रमाणे या फाइलीत मजकूर म्हणून काहीच नसतो. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाला काट्याची केबल जोडली असता उमटणारी ‘टीटीवाय-यूएसबी-०’ ही नोंद पाहावी: आरंभी ‘सी’ हे अक्षर, म्हणजे हे उपकरण एकेक अक्षराच्या प्रवाहाने बोलणारे आहे, पुढे मालक, गट आणि वाचण्या-लिहिण्याची मुभा, आणि मग १८८ व ० हे दोन अंक, ज्यांतील पहिला कोणत्या ड्रायव्हरकडे जावयाचे ते सांगतो आणि दुसरा त्याच्या ताब्यातील कितवे उपकरण ते.

पूर्वी या नोंदी आगाऊच करून ठेवीत, आणि त्या संगणकाने जन्मात न पाहिलेल्या उपकरणांच्याही हजारो नोंदी त्यात धूळ खात पडत. यूएसबीच्या आगमनानंतर ही व्यवस्था अशक्य झाली. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘यूडेव्ह’ आणले, आणि २००९ पासून लिनक्सचे अंतरंग, ज्याला कर्नल म्हणतात, उपकरण सापडताक्षणी नोंद स्वतःच करू लागले. त्याची वर्दी मिळताच यूडेव्ह नियम पाहून हक्क ठरवितो आणि हवे तर दुसरे नावही देतो. (फेरफाराची नोंद इतक्या तत्परतेने झालेली पाहण्याचे भाग्य आमच्या खातेदारांना केव्हा लाभणार, कोण जाणे.)

अडचण ही की नोंदीच्या नावातले शून्य आणि एक हे अंक आगमनाच्या क्रमाने मिळतात. दोन काटे एकाच संगणकाला जोडलेले असले आणि वीज जाऊन परत आली, की जो आधी सापडेल तो शून्य. जिल्ह्यांची नावेही अशीच बदलतात: वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून शेजारच्या जिल्ह्यांत वाटला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. पण शेताची ओळख त्याच्या स्वतःच्या क्रमांकावर उभी असल्याने जिल्ह्याच्या नावामुळे कोणाचा बांध सरकला नाही. उपकरणालाही असा स्वतःचा अनुक्रमांक असू शकतो, आणि तो पाहून ‘मोठा काटा’ असे कायमचे उपनाव देणारा यूडेव्हचा नियम एका ओळीत बसतो. काट्याची केबल यूएसबीला जोडणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरांत मात्र हा अनुक्रमांक बहुधा नसतोच. मग खाच हीच त्यांची ओळख उरते, विंडोज दुसऱ्या खाचेतल्या जुन्याच केबलला नवखे उपकरण समजते, आणि कॉम ३ चा कॉम ५ होतो.

याहून चिंताजनक आहे तो ‘परवानगी नाकारली’ या संदेशावरचा रूढ उपाय. घाईत असलेला जाणकार त्या नोंदीवर सर्वांना सर्व हक्क देऊन मोकळा होतो. केबल काढून पुन्हा जोडली की नोंद नव्याने होते, हक्क पूर्ववत होतात, आणि साहेबांना पुन्हा बोलावणे धाडावे लागते. काम करणाऱ्या इसमाचे नाव त्या उपकरणाच्या गटात, डेबियन वा उबुंटूवर ‘डायलआउट’ गटात, एकदा घातले की पुरते.

२००१ पासून एमएस-सीआयटीने खेडोपाडी संगणकसाक्षरता नेली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु पिन खोचल्यापासून पडद्यावर वजन उमटेपर्यंत काय घडते, हे आपल्या कारकुनांना कोणी सांगितल्याचे दिसत नाही. ते सांगावयास एक दुपार पुरे. तोपर्यंत बाजार समित्यांनी निविदेत निदान दोन अटी घालाव्यात: कन्व्हर्टर स्वतःच्या अनुक्रमांकाचाच असावा, आणि कोणते उपकरण कोणत्या नावाने नोंदले आहे याचा कागद बसविणाऱ्याने सही करून काट्याच्या खोलीत लावावा.