पिल्लं नंतर, आधी खुराडं



परसातल्या कोंबड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न जातीचा येतो. वनराज घेऊ का गिरिराज? ग्रामप्रिया अंड्याला बरी का? कडकनाथला खरंच भाव मिळतो का? प्रश्न चांगलेच आहेत. पण रात्री कोंबड्या कुठं बसणार आणि दार कोण लावणार, हे क्वचितच कोणी विचारतं. माझं मत सरळ आहे. परसातल्या कोंबड्यांचा धंदा बसतो तो बऱ्याचदा जातीपायी नाही, खुराड्यापायी. म्हणून पिल्लांचा पैसा बाजूला काढायच्या आधी खुराड्याचा काढा.

कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही. एकदा बसली की बसली. रानमांजर शेजारी येऊन उभं राहिलं तरी ती पळत नाही. दिवसा तीच कोंबडी घारीची सावली पडली की ओरडून सगळ्या टोळीला सावध करते. म्हणजे दिवसाची राखण ती बरीचशी स्वतः करते, रात्रीची मात्र आपल्यालाच करावी लागते.

दुसरी गोष्ट सुधारित जातींची. जुनी गावरान कोंबडी हलकी, फडफडत झाडावर जाऊन बसायची. खुडूक झाली की पिल्लं काढायची आणि त्यांच्यासाठी कुत्र्याच्याही अंगावर जायची. वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देत असेल, पण राखणीची अक्कल घरची होती. आपण अंडी वाढवली, वजन वाढवलं, ते योग्यच केलं. पण या जाती खुडूक फारशा बसत नाहीत, आणि वजनामुळं उंच उडणंही जमत नाही. मशीनमधून निघालेल्या एकदिवसीय पिल्लाला आई नसते. आईचं काम मग खुराड्यानंच करायचं.

कोण नेतंय हे आधी ओळखा. कोंबडी गेली की सगळे मुंगसाला शिव्या देतात, पण खुणा बघितल्याशिवाय उपाय करू नका. मुंगूस दिवसा फिरतं. मानेला चावा आणि फोडलेली अंडी दिसली तर संशय त्याच्यावर. रानमांजर अंधार पडताना नाहीतर पहाटे येतं आणि बहुतेक वेळा अख्खी कोंबडी उचलून नेतं, मागं थोडी पिसं राहतात. चार-पाच कोंबड्या मारून, न खाता इकडंतिकडं टाकल्या असतील तर कुत्री. लहान पिल्लं रात्रीत एक-एक कमी होत असतील तर घूस नाहीतर उंदीर बघा, जमिनीत बीळ सापडेल. पीस नाही, रक्त नाही, आणि अंडं किंवा पिल्लू गायब, तर साप. भरदिवसा अंगणातून पिल्लू गेलं तर शिक्रा, घार नाहीतर कावळा.

आमच्या ऊसपट्ट्यात तोडणी झाली की हा त्रास वाढतो. रानमांजरं, मुंगसं उसात राहतात, तिथंच पिल्लं घालतात. फड मोकळा झाला की त्यांचा आडोसा जातो आणि ती वस्तीकडं सरकतात. ज्याचा फड तुटायचा आहे त्यानं त्या आठवड्यात कडीकोयंडा तपासून ठेवावा.

आता खुराडं. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, चार पायांवर. खाली हवा खेळते, विष्ठा गोळा करता येते आणि घुशीला बीळ काढून आत शिरता येत नाही. जाळीत मात्र काटकसर करू नका. दुकानात पातळ तारेची षटकोनी कोंबडी-जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवायला आहे, कुत्रं बाहेर ठेवायला नाही. कुत्रं ती दातानं फाडतं. अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश घ्या. पैसे कमी असतील तर खालचे दोन फूट तरी वेल्डमेश लावा. खुराडं जमिनीवरच असेल तर जाळी फूटभर खोल गाडा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा. उकरणारं जनावर तिथं अडतं. दाराला नुसती दोरी नको, कडी हवी. पत्र्यानं चारी बाजू बंद करू नका. उन्हाळ्यात कोंबड्या उष्म्यानं मरतील आणि विष्ठेच्या वासानं छातीचे आजार होतील.

दिवसभर कोंडून ठेवा असं मी म्हणत नाही. किडे, सांडलेलं धान्य, उरलंसुरलं अन्न यावरच परसातला हिशोब जमतो. फक्त सकाळी नऊनंतर सोडा. बरीच अंडी तोवर खुराड्यातच पडतात आणि पहाटेची धोक्याची वेळ टळते. पिल्लं पहिले सहा आठवडे डालग्याखाली नाहीतर जाळीखाली ठेवा. अंगणात झुडूप, वेलाचा मांडव, लपायला काहीतरी असू द्या. उघड्या रानात घारीला आयतं मिळतं. संध्याकाळी दाणे खुराड्यातच टाका, चार दिवसांत कोंबड्या आपोआप आत येतील. मोजा आणि दार लावा. रोज मोजणाऱ्याला आजारी कोंबडीही लवकर कळते, आणि मानमोडीची लस द्यायला कोंबड्या झाडावरून हुसकाव्या लागत नाहीत.

विष घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मेलेल्या कोंबडीत औषध भरून ठेवलं की आधी आपलंच कुत्रं, मांजर जातं. मग घुबड जातं, मुंगूस जातं. हीच दोघं आपल्या शेतातले उंदीर खातात. ती गेली की उंदीर वाढणार आणि तेच उंदीर पिल्लं नेणार. शिवाय मुंगूस, रानमांजर, घुबड यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. जनावर त्याचं पोट भरतंय. दार उघडं ठेवणं न ठेवणं आपल्या हातात आहे.

शेवटचं, आणि हे काहींना टोचेल. ठिबकची नळी फुटली तर आपण त्याच दिवशी दुकानात जातो. खुराड्याची जाळी फाटली तर सहा महिने तशीच राहते. कारण कोंबड्या ‘बायकांच्या’. अंड्याचा पैसा घरातल्या बाईच्या हातात असतो, त्यातून वह्या येतात, तेल येतं, दवाखान्याची गाडी निघते. आणि एका रात्रीत कुत्र्यांनी दहा तलंगा मारल्या तर तिचे पाच-सहा महिन्यांचे कष्ट जातात, नेमके अंडी सुरू व्हायच्या तोंडावर. त्यानंतर ती पुन्हा पिल्लं घेत नाही. ‘आमच्याकडं कोंबड्या टिकत नाहीत’ असं म्हणते आणि विषय संपतो.

कृषी आणि पशुसंवर्धनातल्या साहेब-ताईंनाही हेच सांगणं आहे. गटाला पिल्लं किंवा तलंगा वाटताना जाळीचा खर्च त्यातच धरा. वाटपाच्या फोटोपेक्षा तीन महिन्यांनी संध्याकाळी सात वाजता एक चक्कर मारा आणि दार लागलंय का बघा. किती पक्षी वाटले यापेक्षा किती पक्षी अंड्यावर आले, हा आकडा खरा.

या पावसाळ्याआधी पिल्लं आणायचा विचार असेल, तर पंधरा दिवस थांबा. आधी खुराडं उभं करा आणि रात्री बॅटरी आत ठेवून बाहेरून बघा. जिथून उजेडाचा पट्टा बाहेर येतो ती फट बुजवा. मगच पिल्लं आणा.