चिकित्सालयातील स्वयंचलित साधने आणि औषधाची पुनरावृत्ती

नवी मुंबईत वैद्यकी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचे दैनंदिन काम आता भ्रमणध्वनी आणि संगणक यांच्यावाचून चालत नाही. वाशीपासून खारघरपर्यंतच्या चिकित्सालयांत रुग्णांच्या भेटीच्या वेळा संगणक ठरवितो, औषधाचे बिल तोच करतो आणि औषधाचे पैसे चौकोनी कोडावर भ्रमणध्वनी धरून क्षणार्धात जमा होतात. येथील रुग्ण सकाळी उपनगरी गाडीने मुंबई गाठतो आणि रात्री आठ-नऊ वाजता परततो. त्याला आपल्या बाकावर दोन तास बसवून ठेवणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. तेव्हा या साधनांबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही.

परंतु अलीकडे आपल्या काही औषधालयांतून रुग्णांना एक नवा संदेश आपोआप जाऊ लागला आहे. ‘आपले औषध संपत आले आहे. पुन्हा मागविण्यासाठी येथे दाबा.’ विकलेल्या गोळ्यांची संख्या आणि रोजची मात्रा यांचा भागाकार करून संगणक दिवस मोजतो आणि नेमक्या वेळी हा संदेश सोडतो. माझे मत स्पष्ट आहे. इतर सर्व सोयी आपण निःसंकोच स्वीकाराव्यात. ही एक सोय मात्र आज ज्या स्वरूपात चालू आहे त्या स्वरूपात बंद करावी. असा भेद का करावा, हे थोडे विस्ताराने मांडतो.

यंत्राला विरोध ही आपली परंपरा नव्हे. आपल्या शेजारच्या पनवेलचेच उदाहरण पाहावे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली तेथे धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला. वैद्याच्या घरच्या खलात होणारी औषधे कारखान्यात सिद्ध होऊ लागण्याच्या प्रवासात पनवेलचा वाटा मोठा आहे. आज कोणत्याही औषधनिर्मितीशाळेत मर्दन यंत्राने होते, कुट्टन यंत्राने होते, चाळणे यंत्राने होते, आणि त्याबद्दल कोणाला खंत वाटत नाही. मात्र यंत्र सांगितले तितके तास फिरते. ‘सिद्ध झाले’ हे ठरते ते लक्षणांवरून. कज्जली उन्हात धरल्यावर पाऱ्याचा कण चमकता कामा नये. भस्म बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे आणि पाण्यावर तरंगले पाहिजे. तेल सिद्ध होताना फेस येतो, तर तुपाचा फेस सिद्धीच्या वेळी शमतो. हे पाहणारा डोळा आणि चाचपणारे बोट शास्त्र जाणणाऱ्याचे असते. श्रम यंत्राकडे आणि परीक्षा जाणकाराकडे अशी ही वाटणी आहे. चिकित्सालयातील संगणकालाही मी हीच कसोटी लावतो.

हिशेब, कराची पत्रके, घाऊक व्यापाऱ्यांची देणी ही निव्वळ श्रमाची कामे. २०२५ च्या २२ सप्टेंबरला वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा ज्यांची बिले संगणकावर होती त्यांचे काम थोडक्यात आटोपले, हे औषधालयवाल्यांना सांगावयास नको. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

औषधसाठ्याच्या बाबतीत मात्र एक सूचना करावीशी वाटते. बाजारातील संगणकप्रणाली सर्व औषधांना एकाच नियमाने वागवितात. ज्याची मुदत आधी संपते ते आधी विकावे, एवढेच त्यांना कळते. शार्ङ्गधराने चूर्णाची सवीर्यता दोन महिन्यांची सांगितली आहे, गुटी आणि अवलेह यांची एक वर्षाची. उलट आसव, धातू आणि रस जुने होतील तसे अधिक गुणवान मानले आहेत. कायद्याने लेबलावर छापावी लागणारी चूर्णाची मुदत याहून पुष्कळ लांब असते, आणि ती पाळणे आपल्यावर बंधनकारक आहेच. परंतु आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, त्यातही आषाढ-श्रावणात, उघडलेला चूर्णाचा डबा लेबलावरची तारीख वाचत बसत नाही. म्हणून डबा उघडल्याची तारीख संगणकात स्वतंत्रपणे नोंदवावी आणि दोन महिने होताच त्याने आठवण द्यावी, अशी व्यवस्था करून घ्यावी. बहुतेक प्रणालींत टिपणासाठी एक मोकळा रकाना असतो. तो एरवी रिकामाच राहतो.

स्वयंचलित संदेशाचा सर्वांत चांगला उपयोग मला दिसतो तो पंचकर्मात. वसंतात वमन घेणारे रुग्ण आता पुष्कळ असतात. प्रत्यक्ष वमनाचा दिवस ते उत्तम पार पाडतात. घसरण होते ती नंतरच्या संसर्जनक्रमात. प्रधान शुद्धी झाली तर १२ अन्नकाल, मध्यम शुद्धीत ८ आणि अवर शुद्धीत ४, म्हणजे अनुक्रमे ७, ५ आणि ३ दिवसांचा हा क्रम. आपण तो कागदावर लिहून देतो आणि तो कागद कपाटात जातो. तिसऱ्या दिवशी रुग्ण कार्यालयाच्या उपाहारगृहात डोसा खातो. त्याऐवजी प्रत्येक अन्नकालाच्या दोन तास आधी एक छोटा संदेश ठरवून ठेवता येतो, आणि साध्या भ्रमणध्वनीवरही ते जमते. संदेशात पेया, विलेपी, अकृत यूष अशी परिभाषा नको. पातळ पेज, आसट भात, फोडणीवाचून मुगाचे कढण असे घरचे शब्द असावेत. आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. हा संदेश रुग्णापेक्षा घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला पाठवावा. परिणाम लगेच दिसतो. वर्धमान पिप्पलीत मात्रा रोज बदलते, तेथेही गणना यंत्राकडे द्यावी.

येथेही परीक्षा वैद्याकडेच राहते. वमनाचे वेग ८, ६ की ४, विरेचनाचे ३०, २० की १०, वेगांबरोबर शुद्धीची अन्य लक्षणे कोणती, हे पाहून शुद्धीचा प्रकार आपण ठरवायचा आणि मग क्रम सुरू करायचा. भूक न लागता केवळ संदेश आला म्हणून पुढच्या अन्नाकडे जाणे म्हणजे संसर्जनाचा हेतूच बुडविणे होय. म्हणून माझ्या संदेशाचे पहिले वाक्य ‘भूक लागली आहे का?’ असे असते, आणि उत्तर ‘नाही’ आले तर पुढचा संदेश थांबतो.

नोंदींविषयी थोडक्यात. आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाले, आणि १४ अंकी आभा क्रमांक घेऊन येणारे रुग्ण आता आपल्याकडेही दिसतात. आयुष व्याधींच्या संकेतांकांचे ‘नमस्ते’ संकेतस्थळ २०१७ पासून आहे. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याधी-वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या परिभाषेचा विभागही प्रसिद्ध झाला. आपल्या निदानाला जगाच्या नोंदवहीत जागा मिळाली, याचा आनंदच आहे. चिंता वाटते ती नोंदपत्रकावरील एका सोयीची. ‘मागील नोंद पुन्हा घ्या’ असे बटण तेथे असते. ते दाबले की गेल्या महिन्यातील नाडी, जिव्हा, मल, अग्नी सारे जसेच्या तसे आजच्या तारखेखाली येते. गेल्या भेटीतील साम जिव्हा आज निराम झाली असली तरी संगणक ती सामच ठेवतो. हे बटण प्रणालीतून काढून टाकता येते, आणि काढावे. रुग्णाचे अहवाल मदतनिसाच्या खासगी भ्रमणध्वनीत साठवू देण्याची प्रथाही थांबली पाहिजे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, पण रुग्णाच्या विश्वासाला कायद्याची वाट पाहावी लागू नये.

आता मूळ मुद्दा. अम्लपित्ताच्या रुग्णाला सूतशेखराच्या ६० गोळ्या दिल्या, रोज ४. तेराव्या दिवशी संदेश जातो. रुग्ण गाडीत उभ्या-उभ्या बटण दाबतो आणि संध्याकाळी नवी डबी घरी पोहोचते. वर्षा ऋतूत सुरू झालेले औषध शरदात चालू राहते, हेमंतातही चालू राहते. वर्षेत पित्ताचा संचय, शरदात प्रकोप आणि हेमंतात स्वभावतःच प्रशम; त्या प्रत्येक टप्प्यावर वैद्याने काही वेगळा विचार केला असता. महापेच्या कार्यालयातील रात्रपाळी, मध्यरात्रीचा चहा, घरी येऊन अकराला जेवण हा हेतू तसाच राहतो, कारण त्याविषयी विचारणारे कोणी मध्ये येतच नाही. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला पाय असताना तोच या व्यवस्थेत गळून पडतो. दाह गोळीने शमतो, म्हणून रुग्ण समाधानी असतो आणि विक्रीही नियमित होते. तक्रार कोणाचीच नसते, हाच यातील धोका.

सूतशेखरात कज्जली आहे, वत्सनाभ आहे, धत्तूरबीज आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या ‘ई-१’ अनुसूचीत ज्या विषद्रव्यांची यादी आहे, त्यात पारद, वत्सनाभ, धत्तूर, कुपीलू, भल्लातक ही सारी येतात. अशा द्रव्यांनी युक्त पोटात घ्यावयाच्या औषधाच्या लेबलावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापणे नियमाने आवश्यक आहे. ती डबी संदेशावरून आपोआप जात असेल, तर देखरेख कोणाची, असा प्रश्न उद्या एखाद्या अधिकाऱ्याने किंवा रुग्णाच्या नातेवाइकाने विचारला तर आपण काय उत्तर देणार? रसौषधींवर बाहेरून टीका झाली की आपण म्हणतो, योग्य शोधन, योग्य मात्रा आणि योग्य काल असेल तर ती निर्धोक आहेत. हे खरे आहे. परंतु कालाचा निर्णयच यंत्रावर सोडला, तर हा युक्तिवाद आपल्याच हाताने दुबळा होतो.

औषधालयाचे मालक यावर म्हणतील की आम्ही संदेश बंद केला तर रुग्ण घरबसल्या दुसरीकडून तेच मागवील. काही रुग्ण तसे करतीलही. शिवाय पक्षाघातासारख्या व्याधीत औषधात खंड पडणे हानिकारक असते आणि रुग्णाला खरोखरच आठवण हवी असते, हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. म्हणून सरसकट बंदी मी सुचवीत नाही. अभ्यंगाचे तेल, दंतमंजन, च्यवनप्राश यांची आठवण खुशाल जावी. दीर्घकालीन चिकित्सेत वैद्याने पत्रकावर ‘अमुक तारखेपर्यंत’ असे लिहावे, ती तारीख संगणकात भरावी आणि तिच्यापुढे एकही पुनरावृत्ती जाऊ नये. हे लिहिण्याचा कंटाळा आपणच करतो. तो दोष औषधालयाचा नाही. ‘ई-१’ द्रव्ये असलेल्या कल्पांसाठी मात्र बटणाचा संदेश काढून त्या जागी पुढील मजकूर घालावा: ‘आपले औषध दोन दिवसांत संपेल. वैद्यांची भेट घेतल्याशिवाय ते पुढे चालू ठेवू नये. भेटीची वेळ घेण्यासाठी या क्रमांकावर कळवावे.’ प्रणाली पुरविणाऱ्याला सांगितल्यास हा बदल होऊ शकतो, त्यासाठी फार खर्चही येऊ नये.

अशा कल्पांची एक यादी आपल्या संघटनेने करून सर्व सभासद औषधालयांना द्यावी, असे मला वाटते. सुरुवातीस मी त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, सूतशेखर, संजीवनी वटी, आरोग्यवर्धिनी आणि विषतिंदुक वटी ही नावे लिहिली आहेत. पुढील त्रैमासिक सभेपूर्वी सभासदांनी त्यात आपापली भर घालून यादी कार्यवाहांकडे पाठवावी.