परासरण शिकवा धानाच्या बियाण्यापासून

विदर्भातल्या मौदा परिसरात पऱ्हे टाकण्याआधी, म्हणजे रोपवाटिकेत पेरण्याआधी, धानाच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करावी, ही कृषी विभागाची जुनी शिफारस आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं, तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं. तळाशी बसलेलं बी मात्र दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. हे धुणं कशासाठी, या प्रश्नात आठवीच्या विज्ञानातलं परासरण, म्हणजे पातळ पडद्यातून पाण्याचं दाट द्रावणाकडे जाणं, जवळजवळ सगळं आलं. वर्गात मात्र हा धडा बहुधा व्याख्येनं सुरू होतो आणि समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी या शब्दांच्या पाठांतरावर संपतो. पाणी कुठून कुठे गेलं, हे मुलाला सांगता येत नाही. पेपरात मार्क मात्र मिळतात.

तरंगणं हा घनतेचा भाग, त्याचा परासरणाशी काय संबंध, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण एकाच भांड्यात दोन वेगळी कारणं दिसतात, आणि ती वेगळी काढता येणं हेच तर विज्ञान. तीन टक्क्यांचं पाणी खारटपणात समुद्राच्या जवळ जातं. त्यात बी तसंच राहिलं तर त्याला उगवण्यापुरतं पाणी ओढता येत नाही. शेतकरी गोणपाटावर १०० दाणे मांडून उगवण तपासतात. शाळेनं तसेच दोन गोणपाट मांडावेत, एक साध्या पाण्याचा, एक मिठाच्या, आणि मुलांनी आठवडाभर अंकुर मोजावेत. मीठ विषारी म्हणून बी मेलं असेल, अशी शंका एखादी हुशार मुलगी काढेलच, आणि मिठाचा तसा अपाय काही अंशी होतोही. म्हणून बटाट्याची फोड साखरेच्या दाट पाकात ठेवावी. ती लुळी पडते, आणि साखर काही विष नव्हे. फोड आधी आणि नंतर तोलली की गेलेलं पाणी आकड्यात हाती येतं.

वेळ नाही, प्रयोगशाळा नाही, ही अडचण खरी. पण इथे लागतं ते मीठ, साखर, गोणपाट आणि किराण्याचा काटा. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात तेव्हा पऱ्ह्यांचे दिवस असतात. धानपट्ट्यातल्या मुख्याध्यापकांनी हा एक धडा क्रम मोडून तेव्हाच घेऊ द्यावा.