कबड्डी व पाठीचें आरोग्य

१९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें कबड्डी दाखविली, याचा आम्हां वऱ्हाडवासीयांस अभिमान आहे. परंतु आसेगावच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या पाठीकडे कोणाचें लक्ष असतें? पकड होतांच चढाई करणाऱ्याची कंबर एकाएकीं पिळली जाते. मणक्यांलगतचे स्नायू दुबळे वा थकलेले असल्यास तो ताण मणक्यांवर येतो. वाढत्या वयांत तो वारंवार बसल्यास कमरेच्या मणक्यास बारीक तडाहि जाऊं शकतो. म्हणून गुडघे व तळहात टेकून, एक हात व विरुद्ध बाजूचा पाय सरळ ताणून धरण्याचा व्यायाम नित्य करावा. मगच सामन्यास उतरावें. पालकहो, मुलाची पाठ दुखत राहिल्यास नुसतें तेल चोळून त्यास पुन्हां मैदानांत धाडूं नका, डॉक्टरांस दाखवा. दुखणें लपविणें हें शौर्य नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.